दोन रुपये, पाचशे रुपये

१९३७ च्या पावसाळ्यात मुंबई इलाख्याचा कारभार नेहमीप्रमाणे बोरघाट चढून पुण्याला आला. उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुणे ही इंग्रज गव्हर्नरांची जुनी रीत. गव्हर्नरांचा मुक्काम गणेशखिंडीत पडे आणि कायदेमंडळ कौन्सिल हॉलमध्ये भरे. रीत जुनीच होती, पण त्या वर्षी घाट चढून आलेली माणसे नवी होती. १९३५ च्या कायद्याखाली झालेल्या पहिल्या निवडणुकीत विधानसभेच्या १७५ जागांपैकी ८६ काँग्रेसने जिंकल्या होत्या. जुलैमध्ये बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. आयुष्याची काही वर्षे तुरुंगात काढलेली माणसे आता सरकारी फायलींवर सह्या करणार होती.

मुंबई, ठाणे, गुजरात या बाजूंनी येणाऱ्या सभासदांची वाट मावळातूनच जात होती. कल्याण ते पुणे हा मार्ग विजेवर येऊन तेव्हा सात-आठ वर्षेच झाली होती. खंडाळ्याचे बोगदे संपले की लोणावळा, मग मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव. जुलै-ऑगस्टात या पट्ट्यात पाऊस उघडीप म्हणून देत नाही. भाताची खाचरे तुडुंब भरलेली असतात आणि डोक्यावर इरले घेतलेली माणसे दिवसभर चिखलात वाकलेली असतात. लोणावळ्याजवळ वळवण आणि शिरोट्याची धरणे टाटांनी बांधली, त्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीला पाडून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. दक्षिणेला मुळशी खोऱ्यात तेच पुन्हा करायला निघाल्यावर १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे शेतकरी सेनापती बापटांच्या मागे धरणाच्या कामावर जाऊन बसले. तीन वर्षांनी तो सत्याग्रह हरला आणि गावे पाण्याखाली गेली.

हे इथे सांगायचे कारण असे की, कायदे करणाऱ्यांना पगार किती, हा प्रश्न मावळातल्या माणसाला दूरचा वाटत असला तरी त्या माणसांनी केलेल्या कायद्याची किंमत या खोऱ्याने जमिनीच्या रूपाने मोजली आहे. आणि मोजणाऱ्यांतल्या बहुतेकांना मतच नव्हते. १९३७ साली मताचा हक्क शेतसारा, घरभाडे किंवा शिक्षण यांवर ठरत असे. कुळाने कसणाऱ्याचे आणि मजुराचे नाव यादीत येणे कठीणच होते.

नव्या सरकारच्या सुरुवातीच्या कामांतच एक विधेयक होते मंत्र्यांच्या पगाराचे. आकडा ठरलेलाच होता: महिना ५०० रुपये.

हा आकडा खेरांच्या मंत्रिमंडळाने शोधलेला नव्हता. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात एक कलम होते की स्वराज्यात सरकारी नोकराला, काही खास तज्ज्ञ सोडले तर, महिना पाचशेहून अधिक पगार नसावा. सहा वर्षांनी प्रांतांमध्ये सत्ता आली तेव्हा तो शब्द पाळण्याची वेळ आली. राहायचे घर आणि वाहन सरकारचे, वर रोख पाचशे. हा आकडा किती लहान होता ते समजायला शेजारचा आकडा पाहावा. त्याच १९३५ च्या कायद्याच्या परिशिष्टात मुंबईच्या गव्हर्नरांचा पगार छापलेला आहे: वर्षाला १,२०,००० रुपये, म्हणजे महिन्याला दहा हजार. गव्हर्नर एका महिन्यात घेत, ते कमवायला खेरांना वीस महिने लागले असते.

त्या मंत्रिमंडळात कन्हैयालाल मुनशी होते, हायकोर्टातले नाणावलेले वकील. डॉ. गिल्डर होते, मुंबईतले हृदयरोगाचे नामवंत डॉक्टर. खेर स्वतः सॉलिसिटर. अण्णासाहेब लठ्ठे अर्थमंत्री, तर मोरारजी देसाई महसूलमंत्री. मोरारजींनी डेप्युटी कलेक्टरची नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली होती. यांतल्या कुणीही पाचशेसाठी मंत्रिपद घेतले नव्हते. लोकांना हे दिसत होते, आणि त्याचे अप्रूपही होते. ज्या मुलखाने तळेगावला एकेक पैसा गोळा करून पैसा फंडाचा काच कारखाना उभा केला, त्या मुलखाला मंत्र्यांची ही साधी राहणी आपली वाटणे साहजिकच आहे.

पण पगाराच्या प्रश्नाला त्याआधीचा एक इतिहास होता आणि तो नागपुरात घडला होता.

१९१९ च्या सुधारणांनी प्रांतांत दुहेरी कारभार आणला. पोलीस, महसूल, तुरुंग ही खाती गव्हर्नरांनी आपल्या मुठीत ठेवली आणि शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य अशी खाती हिंदी मंत्र्यांकडे दिली. त्या कायद्यात मंत्र्यांच्या पगाराबद्दल एक साधे वाक्य होते. मंत्र्याला कार्यकारी मंडळाच्या सभासदाइतका पगार देता येईल, मात्र कौन्सिलने मत देऊन त्याहून कमी रक्कम ठरवली असेल तर तेवढाच. कायदा लिहिणाऱ्यांना वाटले असेल, कमी म्हणजे चार-पाचशेने कमी. १९२३ च्या निवडणुकीत मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कौन्सिलात चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांच्या स्वराज्य पक्षाला निर्विवाद बहुमत मिळाले. असे बहुमत पक्षाला देशात फक्त याच प्रांतात मिळाले. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे आणि बिलासपूरचे राघवेंद्र राव यांच्या पक्षाने १९२४ च्या जानेवारीत मंत्र्यांवर अविश्वासाचा ठराव मंजूर केला. मंत्री हटले नाहीत. मार्चमध्ये अंदाजपत्रक आले. कौन्सिलने एकामागून एक मागण्या फेटाळल्या आणि मंत्र्यांच्या पगाराच्या मागणीवर मत देऊन रक्कम ठरवली: वर्षाला दोन रुपये.

शून्य का नाही? कारण शून्य म्हणजे नकार, आणि नकार देता येतो की नाही यावर सरकारी वकील भांडत बसले असते. दोन रुपये ही कायद्यात बसणारी ‘कमी रक्कम’ होती. कलमाचा शब्दन्‌शब्द पाळून त्याचा प्राण काढून घेतला होता. मंत्र्यांनी राजीनामे दिले. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांना सोपीव खातीही आपल्या हाती घ्यावी लागली आणि दुहेरी कारभाराचा देखावा निदान त्या प्रांतात उघडा पडला. त्याच वर्षी बंगालच्या कौन्सिलनेही मंत्र्यांचे पगार नाकारले, पण तिथे लढाई मोजक्या मतांची होती. नागपुरात ती एकतर्फी झाली.

मला या प्रसंगाबद्दल नेहमी आदर वाटत आला आहे, तरी त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गव्हर्नर जुन्या खर्चापुरता पैसा आपल्या अधिकारात मंजूर करू शकत होते. नवीन शाळा, नवे दवाखाने यांना तो मिळणे अवघड झाले. शिवाय पगारावरचा बहिष्कार फार काळ टिकला नाही. ऑक्टोबर १९२५ मध्ये त्याच कौन्सिलचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे, स्वतः स्वराज्य पक्षाचे, गव्हर्नरांच्या कार्यकारी मंडळात जागा घेऊन बसले. मोतीलालजी संतापले. पुण्याहून न. चिं. केळकर आणि मुंबईहून बॅरिस्टर जयकर म्हणाले की यात इतके काय बिघडले, आणि प्रतिसहकाराचा वेगळा तंबू ठोकला. मुंजे त्यांच्याबरोबर गेले. १९२७ मध्ये राघवेंद्र रावच मंत्री झाले.

लंडनमध्ये मात्र दोन रुपयांची ही गोष्ट कुणी विसरले नाही. १९३५ च्या कायद्यातील ५१ वे कलम त्याची साक्ष देते. प्रांतिक कायदेमंडळाने मंत्र्यांचा पगार कायद्याने ठरवावा, असे ते म्हणते, आणि लगेच परंतुक जोडते की मंत्री पदावर असेपर्यंत त्याचा पगार बदलता येणार नाही. शिवाय हा पगार प्रांताच्या तिजोरीवर थेट बोजा म्हणून टाकला, म्हणजे दरसाल अंदाजपत्रकात त्यावर मत घेण्याचाच प्रश्न मिटला. नागपूरचा डाव पुन्हा कुणाला खेळता येऊ नये याची तजवीज झाली. पण परंतुक दोन्ही बाजूंनी कापणारे होते: कमी करता येत नाही, तसे वाढवताही येत नाही. पदावर बसलेल्या मंत्र्याला स्वतःच्या हाताने स्वतःचा पगार चढवण्याची वाट साहेबाने, वेगळ्या हेतूने का होईना, बंद करून ठेवली होती.

म्हणूनच १९३७ च्या पुण्यातल्या विधेयकाला वजन होते. एकदा ठरलेला आकडा मंत्री पदावर असेपर्यंत कायम राहणार होता.

२३ ऑगस्टला या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. वर्षभरापूर्वी, ऑगस्ट १९३६ मध्ये, त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता आणि मुंबईतून ते निवडून आले होते. सभागृहातले वातावरण त्यागाच्या कौतुकाचे होते. अशा वेळी गरिबांच्या पक्षाचा पुढारी उठून मंत्र्यांना पगार कमी आहे म्हणतो, हे ऐकायला अनेकांना विचित्र वाटले असेल. बाबासाहेबांनी आकड्याला हात घालण्याआधी तो कशावरून ठरवायचा, हे विचारले. त्यांनी चार कसोट्या मांडल्या. देशातल्या सर्वसाधारण माणसाच्या राहणीशी मंत्र्याच्या राहणीचा मेळ बसतो का, ही पहिली. त्या पगारावर लायक माणूस मिळेल का, ही दुसरी. लोकशाहीला तो पोषक आहे का, ही तिसरी. आणि कारभार स्वच्छ राहायला त्याने मदत होईल का, ही चौथी. पाचशेचा आकडा या कसोट्यांवर घासून न पाहता पक्षाच्या ठरावातून उचलून आणला आहे, हा त्यांच्या विरोधाचा गाभा.

या चारांतली तिसरी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुनशींना पाचशे पुरत होते, कारण मागे वकिलीची कमाई होती. गिल्डरांना पुरत होते, कारण दवाखाना होता. पण ज्याच्या मागे जमीन नाही, इस्टेट नाही, धंदा नाही, अशा गिरणी कामगाराने किंवा महार वतनदाराच्या मुलाने मंत्री व्हायचे ठरवले तर? त्याचे कुटुंब, त्याच्याकडे येणारी माणसे, मतदारसंघातला प्रवास हे सगळे पाचशेत बसवताना तो कुणाच्या तरी उपकाराखाली जाणार. कमी पगार श्रीमंताला त्याग म्हणून शोभतो आणि गरिबाला दाराबाहेर ठेवतो. इंग्लंडमधल्या चार्टिस्ट कामगारांनी १८३८ च्या सनदेत पार्लमेंटच्या सभासदांना पगार द्या अशी मागणी केली होती ती याच कारणासाठी. ती पुरी व्हायला १९११ साल उजाडले, वर्षाला ४०० पौंड.

त्याच अधिवेशनात, १७ सप्टेंबरला, आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पगाराच्या भाषणाबरोबर हे ध्यानात ठेवले पाहिजे. कोकणातल्या कुळाची खोताच्या जाचातून सुटका करणारा कायदा मांडायला कुणीतरी त्या सभागृहात पोचावे लागते, आणि पोचून तिथे टिकावे लागते.

पगाराचे विधेयक मंजूर झाले. बहुमत काँग्रेसचे होते आणि पाचशे हा पक्षाचा शब्द होता. दोन वर्षांनी, १९३९ च्या अखेरीस, युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला तोवर हे मंत्री त्याच पगारावर राहिले. त्यांच्यावर पैशाचा डाग लागला नाही, हे मान्य करूनच मी म्हणतो की वादात बाबासाहेबांची बाजू अधिक खोल होती. एका चांगल्या पिढीच्या सचोटीवर कायमचा नियम बेतता येत नाही.

त्या दिवशी आकडा काँग्रेसचा जिंकला, पण पगार का, किती आणि कुणासाठी, यावर कायदेमंडळात सर्वांसमक्ष बोलणे झाले. सत्ताधाऱ्यांना आपला आकडा उभे राहून सांगावा लागला आणि विरोधकाला विरोधाची कारणे द्यावी लागली.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने हा अधिकार कायदेमंडळांकडेच ठेवला. १६४ व्या कलमात मंत्र्यांचे पगार आहेत, १९५ व्यात आमदारांचे. १९३५ चे ते परंतुक मात्र घटनेत आले नाही. साहेबाच्या अविश्वासाची खूण म्हणून ते गळाले असेल, पण त्याबरोबर पदावर असताना स्वतःचा पगार न वाढवण्याची अटही गेली. मुंबई राज्याने १९५६ मध्ये सभासदांच्या पगार-भत्त्यांचा कायदा केला. महाराष्ट्र झाल्यावर तोच पुढे चालला, दर काही वर्षांनी दुरुस्त होत. पुढे माजी आमदारांच्या निवृत्तिवेतनाचा १९७६ चा कायदा त्यात जोडला गेला. नागपूरच्या दोन रुपयांची आठवण करून देणारी एक सोय अजून विधानसभेच्या नियमांत आहे: धोरणाला विरोध दाखवायचा असेल तर खात्याची मागणी एक रुपयावर आणण्याची कपात सूचना देता येते. सूचना येतात, चर्चेत त्यांचा उल्लेख होतो, आणि संध्याकाळी त्या फेटाळल्या जातात.

५ ऑगस्ट २०१६ ला, पावसाळी अधिवेशनात, पगारवाढीचे विधेयक दोन्ही सभागृहांत आले आणि चर्चेविना मंजूर झाले. महिना साधारण ७५,००० रुपयांवर असलेले आमदारांचे मानधन १,७०,००० च्या आसपास गेले, माजी आमदारांचे निवृत्तिवेतन ४०,००० वरून ५०,००० झाले. सत्ताधारी आणि विरोधी बाकांवर एरवी दिवसदिवस गदारोळ चालतो. या विधेयकाला कुणी कारणही विचारले नाही. ती वर्षे मराठवाड्यात दुष्काळाची होती, लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले त्याला तीन-चार महिनेही झाले नव्हते. लोकांचा राग आकड्यावर होता. मला आकडा फारसा खुपत नाही. आमदाराला दोन गाड्या, चार माणसे, दररोज शे-दोनशे भेटणारे सांभाळावे लागतात, आणि ज्याच्या मागे साखर कारखाना किंवा बांधकामाचा धंदा नाही अशा माणसाने विधानसभेत जावे असे वाटत असेल तर त्याला पुरेसा पगार हवाच. हे सगळे त्या दिवशी सभागृहात उठून सांगता आले असते. १९३७ च्या पुण्यात ते विरोधी बाकावरून सांगितले गेले होते.

त्याहून मोठी गोष्ट विधेयकाच्या आत होती आणि तिच्याकडे थोड्यांचेच लक्ष गेले. आमदाराचा मूळ पगार राज्याच्या प्रधान सचिवाच्या मूळ पगाराशी बांधला गेला. म्हणजे वेतन आयोग लागला की सचिवाचा पगार वाढणार, आणि त्याबरोबर आमदाराचाही. महागाई भत्ता वाढला की तोही. सातवा वेतन आयोग लागल्यावर हेच झाले. मूळ पगार १,८२,२०० रुपये. महागाई भत्ता २८ टक्के असताना त्याचे ५१,०१६. दूरध्वनीचे ८,०००, टपाल-लेखनसामग्रीचे १०,०००, संगणकचालकाचे १०,०००. एकूण २,६१,२१६. सभागृहात विधेयक नाही, मतदान नाही, आवाजी ‘होय’सुद्धा नाही. १९२४ मध्ये जे मत हत्यार होते आणि १९३७ मध्ये वादाचे निमित्त, ते आता घ्यावेच लागत नाही.

जगात काही ठिकाणी हा प्रश्न थेट मतदाराकडे जातो. स्वित्झर्लंडमध्ये २७ सप्टेंबर १९९२ च्या सार्वमतात लोकांनी खासदारांची मानधनवाढ मोठ्या बहुमताने फेटाळली. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात आमदाराचा पगार राज्यघटनेतच लिहिलेला आहे, वर्षाला १२,००० डॉलर, आणि तो १९८८ पासून तसाच आहे, कारण वाढ करायची तर मतदारांची मंजुरी लागते आणि ती २००६ मध्येही मिळाली नाही, २०१२ मध्येही नाही. तिथे आता तक्रार अशी की नोकरी करून पोट भरणाऱ्याला आमदारकी परवडत नाही. बाबासाहेबांची दुसरी आणि तिसरी कसोटी तिथेही आडवी आलीच. त्यामुळे सार्वमत हेच औषध, असे मी म्हणणार नाही. आपल्या घटनेत त्याची सोयही नाही. २०१८ मध्ये खासदारांच्या निवृत्तिवेतनाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. हा विषय कायदेमंडळाचा आहे, असेच उत्तर तिथून आले. मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संपावर गेले तेव्हा पाच वर्षांच्या आमदारकीवर पेन्शन मिळते आणि तीस वर्षांच्या नोकरीवर का नाही, हा सवाल गावोगाव विचारला गेला. त्याचे उत्तर देण्याची जागाही ते सभागृहच.

पगार स्वतः न ठरवणारा लोकप्रतिनिधी पाहायचा तर मावळात लांब जावे लागत नाही. सरपंचाचे मानधन सरकार ठरवते, तेही लोकसंख्या मोजून. २०१९ पासून ते दोन हजारांपर्यंतच्या गावाला ३,०००, आठ हजारांपर्यंत ४,००० आणि त्यापुढे ५,००० होते. पवनेच्या किंवा नाणे मावळातल्या खोऱ्यात एखाद्या ग्रामपंचायतीखाली चार-पाच वाड्या असतात, पावसाळ्यात ओढे ओलांडून तिथे पोचावे लागते, दाखले, पाणीपुरवठा, स्मशानाचा रस्ता, बिल्डरचा ना-हरकत अर्ज हे सगळे त्याच माणसाच्या किंवा बाईच्या दारात येते. सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मंत्रिमंडळाने ते दुप्पट केले: सहा, आठ आणि दहा हजार.